खानदेशच्या उन्हात सापाची अंडी: सापडल्यापासून पिल्लं सोडेपर्यंत

मेच्या शेवटी खानदेशात दोन कामं एकदम निघतात. उकिरड्यातलं शेणखत शेतात पडतं आणि बागायती कपाशीची लागवड सुरू होते. नाग, धामण, मण्यार, पाणदिवड यांची अंडी नेमकी याच दिवसांत खताच्या ढिगात, पऱ्हाट्यांच्या गंजीखाली, उंदरांच्या बिळात किंवा बांधाच्या कपारीत असतात. फावड्याला पांढरी, लांबट, चामड्यासारखी अंडी लागली की शेतकरी सर्पमित्राला फोन करतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नव्या सर्पमित्रांना या फोननंतर काय करायचं ते कळावं, यासाठी हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच. अंडी उबवण्याबद्दल वाचायला मिळणारी बहुतेक माहिती थंड प्रदेशातली असते. त्यात सगळा भर अंडी गरम कशी ठेवायची यावर असतो. आपल्याकडे अडचण उलटी आहे. मेमध्ये भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घरातली खोलीही दुपारी ३८-४० वर असते. इथे अंडी थंडीने क्वचित मरतात, उष्णतेने आणि कोरडेपणाने मरतात.

आधी कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं आणि घरटं विस्कटणं येतं. त्यामुळे अंडी उचलण्याआधी वनविभागाला कळवा. १९२६ हा वनविभागाचा हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि स्थानिक वनरक्षकाचा नंबर तर तुमच्याकडे असायलाच हवा. परवानगीशिवाय घरी अंडी उबवणं हा गुन्हा ठरू शकतो, हेतू कितीही चांगला असला तरी. जागेचा, अंड्यांचा आणि आजूबाजूचा फोटो वेळेसह काढून ठेवा.

पायरी १: अंडी कोणाची, याचा अंदाज घ्या

अंडी सापडली म्हणजे घोणस नाही, फुरसंही नाही. हे दोघं थेट पिल्लांना जन्म देतात. मांडूळ आणि हरणटोळही तसेच. शेतकऱ्याला एवढं सांगितलं तरी त्याची निम्मी भीती जाते. निम्मीच, कारण नाग आणि मण्यार अंडी घालतात.

सापाच्या अंड्याचं कवच मऊ, चर्मपत्रासारखं असतं आणि बऱ्याचदा अंडी एकमेकांना चिकटलेली असतात. नागाची साधारण १० ते ३० अंडी असतात, धामणीची आणि मण्यारीची बहुधा ६ ते १५. पाणदिवड मात्र बरीच जास्त घालते, कधीकधी ७०-८० सुद्धा. कॅलेंडरमागे किंवा मीटरच्या पेटीत भिंतीला चिकटलेली दोन गोल, कडक अंडी पालीची. ती खरवडून काढायला गेलात तर फुटतातच. तशीच राहू द्या.

आकारावरून जात ठरवायला जाऊ नका. जात ओळखू येत नसेल तर अंडी नागाची आहेत असं धरूनच पुढचं काम करा.

आणि मादी जवळ आहे का ते आधी पाहा. नागीण, मण्यार, पाणदिवड, अजगर यांच्या माद्या अंड्यांजवळ थांबतात. ढिगात हात घालण्याआधी लांब हुकने वरचा थर बाजूला करा. हाताने काही नाही.

पायरी २: तापमान अंड्याच्या आत काय करतं, ते समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका. पुढची प्रत्येक सूचना यातूनच निघते.

कोंबडी स्वतःच्या अंगाच्या उबेने अंडी उबवते. सापाच्या अंड्याला ऊब मातीकडून मिळते. अजगराची मादी वेटोळं घालून स्नायू थरथरवते आणि अंडी भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश उबदार ठेवते, पण तो अपवाद. बाकीच्या माद्या जवळ थांबल्या तरी ऊब देत नाहीत, उबेच्या बाबतीत जागेची निवड हीच सगळी आईची माया. उघड्या काळ्या मातीचा वरचा थर मेच्या दुपारी ६० अंशांपर्यंत तापू शकतो. फूटभर खाली मात्र दिवस-रात्रीतला फरक जवळजवळ उरत नाही, आणि सावलीत, बांधाखाली, वारुळात किंवा खोल बिळात तेच तापमान आणखी खाली येतं. म्हणून मादी तिथे जाते.

आपल्याकडच्या बहुतेक सापांच्या अंड्यांना २८ ते ३० अंश सेल्सिअस मानवतं. २६ ते ३२ पर्यंतची चढउतार ती सोसतात. सलग ३४ च्या वर राहिली तर नुकसान सुरू होतं, आणि ४० च्या वरचा थोडा वेळही पुरतो. कारण असं: तापमान वाढलं की भ्रूणाची वाढ वेगाने होते आणि त्याला प्राणवायूही जास्त लागतो. पण कवचातून हवा आत शिरण्याचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. भ्रूण आतल्या आत गुदमरतो. जगलाच तर लवकर बाहेर येतो, पण अनेकदा लहान चणीचा, कधी पाठीचा कणा वाकडा असलेला. खूप गार राहिलं तर वाढ रेंगाळते आणि बुरशीला वेळ मिळतो.

म्हणूनच ‘इतक्या दिवसांत अंडी फुटतात’ असा एक आकडा सांगता येत नाही. नागाची अंडी ४८ ते ६९ दिवस घेतात असं दिसतं. हा फरक मुख्यतः तापमानाचा.

आता एक गैरसमज. ‘जास्त उष्णता मिळाली की सगळ्या माद्या निघतात’ हे वाक्य सापांबद्दल बोललं जातं, ते चूक आहे. सापांत नर की मादी हे गुणसूत्रांवर ठरतं. तापमानावर लिंग ठरतं ते मगरीत, समुद्री कासवांत, चांदणी कासवात. ही गोष्ट पहिल्यांदा १९६६ मध्ये आफ्रिकेतल्या एका सरड्यावरच्या अभ्यासातून पुढे आली. भारतीय मगरीची अंडी २८ ते ३१ अंशांत ठेवली तर माद्या निघतात आणि ३२.५ च्या आसपास नर. एक-दीड अंशाचा खेळ. कोकण किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडले कासवांत हेच उलट दिशेने चालतं, वाळू तापली की माद्या वाढतात. नदीतल्या मऊ पाठीच्या कासवांत मात्र तापमानाचा लिंगाशी संबंध नाही. प्रत्येक जातीचं गणित वेगळं आहे, एकाचं दुसऱ्याला लावू नका.

पाण्याचंही तसंच. सापाचं अंडं मातीतून ओल शोषून फुगतं, घातल्यावर असतं त्यापेक्षा जड होतं. माती कोरडी पडली की ते चेपतं. आणि माती चिखल झाली की कवचावरची सूक्ष्म छिद्रं पाण्याने बुजतात. खानदेशातल्या काळ्या मातीत हे दोन्ही होतं. उन्हाळ्यात भेगा पडून गरम वारा खोलवर शिरतो, आणि जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की माती फुगून भेगा बंद होतात, पाणी साचतं. पाऊस लांबला तरी अंडी जातात, एकदम कोसळला तरी जातात.

पायरी ३: हलवायची की नाही

शक्यतो नाही. नव्या सर्पमित्राला अंडी घरी नेण्याची घाई असते, पण मादीने निवडलेली जागा आपल्या डब्यापेक्षा बहुतेक वेळा चांगली असते.

शेतकऱ्याला विचारा: हा कोपरा जुलै संपेपर्यंत सोडता येईल का? ढिगाचा तेवढा भाग न उपसता ठेवणं, बांधाजवळ दोन मीटरचं वर्तुळ नांगरणीतून वगळणं, भोवती बाभळीच्या काटेरी फांद्या टाकणं, एवढं पुरतं. झाकण निघालं असेल तर तीच माती, तेच खत परत अलगद टाका. वरून गवताचा वीतभर थर द्या म्हणजे ऊन थेट लागणार नाही. शेतात उंदरांचा त्रास असेल तर धामणीच्या अंड्यांसाठी शेतकरी सहज तयार होतो.

खताच्या ढिगाबाबत एक खबरदारी. ताज्या, कुजत्या शेणखताचा गाभा ५५-६० अंशांपर्यंत तापतो. मादी अंडी कडेच्या कोमट भागात घालते. अंडी ‘सुरक्षित राहावीत’ म्हणून ढिगाच्या मध्यात ढकलली तर ती शिजतील.

हलवावीच लागतील अशा वेळा ठरलेल्या आहेत: घराचा पाया खणला जातोय, जेसीबी चालू आहे, धाब्याच्या घराची भिंत पाडली जातेय, अंडी वस्तीत आहेत आणि मादी नाग आहे, किंवा जागा पुरती उद्ध्वस्त झाली आहे.

पायरी ४: उचलणं आणि नेणं

पक्ष्याच्या अंड्यात बलकाला धरून ठेवणारे पीळदार धागे असतात, म्हणून कोंबडीने अंडी फिरवली तरी बिघडत नाही. सापाच्या अंड्यात ते नसतात. घातल्यानंतर साधारण एका दिवसात भ्रूण कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. अंडं उलटं झालं की बलक भ्रूणावर येतो, पडदे फाटतात, भ्रूण मरतो. बाहेरून काहीही दिसत नाही, महिनाभराने कुजल्यावर कळतं.

म्हणून हात लावण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलने छोटी खूण करा. मार्कर नको, त्यातली रसायनं कवचातून आत झिरपतात. चिकटलेला घोस सुटा करू नका, आहे तसा तळातल्या मातीसह उचला. कडक झाकणाच्या डब्यात चार बोटं ओलसर माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरून त्यात अंडी त्याच बाजूने ठेवा.

नेण्याची वेळ सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. दुपारीच निघावं लागलं तर डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि खोक्याच्या कोपऱ्यात गार पाण्याची, फडक्यात गुंडाळलेली बाटली ठेवा. बर्फ अंड्यांना टेकू देऊ नका. मोटारसायकलच्या डिकीत अंडी ठेवायची नाहीत, बंद गाडीत ‘पाच मिनिटं’ सुद्धा नाहीत. प्रवासात २४-२५ अंशांचा गारवा चालतो, ४० अंश चालत नाहीत.

पायरी ५: डबा

वनविभागाने परवानगी दिली आणि अंडी तुमच्याकडे सोपवली, तर लागणाऱ्या वस्तू अशा:

- घट्ट, कुलूपबंद होणारं झाकण असलेला पारदर्शक प्लास्टिकचा डबा, ५ ते ७ लिटरचा. दहा-पंधरा अंड्यांना पुरतो.
- वर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं, दाणेदार खनिज) ५०० ग्रॅम आणि पाणी ५०० ग्रॅम. प्रमाण वजनाने, मापाने नाही.
- वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर.
- ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा.

वर्मिक्युलाइट मिळालं नाही तर कोकोपीट घ्या. केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची नर्सरी असलेल्या रावेर-यावल भागात ते सहज मिळतं. त्यात क्षार असतात, म्हणून साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन पिळा. मुठीत दाबल्यावर बोटांतून एखादा थेंब यावा, धार येऊ नये. काळी माती वापरू नका, ती घट्ट बसते. वाळू लवकर कोरडी पडते.

थर पाच-सहा सेंटिमीटरचा. अंडी निम्मी बुडतील एवढे खळगे करून खुणेची बाजू वर ठेवा. डब्याच्या वरच्या भागात तापलेल्या खिळ्याने तीन मिलिमीटरची चार छिद्रं. मोठी नकोत, नागाचं पिल्लू बोटाएवढ्या फटीतून निघून जातं. झाकणावर जमलेलं पाणी अंड्यांवर टपकू नये म्हणून डब्याखाली एका बाजूला पट्टी सरकवून किंचित उतार द्या.

थर्मामीटर आधी तपासा. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र ढवळून त्यात सेन्सर बुडवला की शून्य दिसायला हवं. दोन अंशांचा फरक दाखवणारी स्वस्त उपकरणं सर्रास मिळतात, आणि इथे दोन अंश म्हणजे सगळंच. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर, मिश्रणात खोवा. खोलीचं तापमान पाहून समाधान मानू नका.

कोंबडीची अंडी उबवण्याचं यंत्र कुणी देऊ केलं तर हात जोडा. ते ३७.५ अंशांवर चालतं आणि अंडी आपोआप फिरवतं. सापाच्या अंड्यांना मारण्याचे दोन्ही मार्ग त्यात एकत्र आहेत.

पायरी ६: गारवा टिकवणं

खानदेशात खरं काम हेच.

जागा आधी निवडा. पत्र्याची खोली बाद, स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोलीही बाद. जाड मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर मिळालं तर त्याची आतली, जमिनीलगतची खोली सर्वांत चांगली. अंड्यांचा डबा थर्माकोलच्या जाड खोक्यात ठेवा आणि उरलेल्या जागेत पाण्याने भरलेल्या दोन-दोन लिटरच्या तीन-चार बाटल्या उभ्या करा. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे दुपारचा चढ आणि भारनियमनातले तीन-चार तास हे खोकं निभावून नेतं.

खोली ३६ च्या वर जात असेल तर माठ घ्या. मोठ्या तोंडाचा, न रंगवलेला रांजण. त्यात तळाला चार बोटं वाळू, त्यावर लहान माठ, दोघांमधल्या फटीत वाळू. ही वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. अंड्यांचा डबा आतल्या माठात, वरून ओलं गोणपाट. मेच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं, त्यामुळे आतलं तापमान खोलीपेक्षा बरंच खाली येतं. उलट २६ च्या खाली उतरलं तर वाळू एकदाच भिजवा. रांजण वाऱ्याच्या पण सावलीच्या जागी हवा, कोंदट कोपऱ्यात तो काम करत नाही.

कूलरही याच तत्त्वावर चालतो. पण पावसाळी हवा आली की कूलर आणि माठ दोन्हींचा जोर कमी होतो. सुदैवाने तोवर बाहेरचा पाराही उतरलेला असतो. सगळ्यात अवघड दिवस जूनच्या पहिल्या पंधरवड्यातले: ढग येतात, दमट होतं, उन्हाळा मात्र हटत नाही आणि रात्रीही उकाडा राहतो. या दिवसांत फ्रीजरमध्ये गोठवलेली अर्ध्या लिटरची बाटली दुहेरी फडक्यात गुंडाळून खोक्याच्या कोपऱ्यात ठेवा, दुपारी बारा आणि चारला बदला. दर तासाला आकडा लिहा. चार दिवसांत तुमच्या खोक्याची चाल तुम्हाला कळते.

ऑगस्टच्या झडीत रात्री गार झाल्या तर उलट सोय लागते. मोठ्या टबात आठ-दहा सेंटिमीटर पाणी, त्यात मत्स्यपेटीचा ५० वॉटचा हीटर २९ वर लावून, आणि विटांवर अंड्यांचा डबा. बल्ब लावू नका, तो हवा कोरडी करतो आणि एकाच बाजूने तापवतो.

पायरी ७: रोज काय पाहायचं

पहिल्या दिवशी डबा अंड्यांसकट तोलून वजन झाकणावर लिहा. दर आठवड्याला पुन्हा तोला. जेवढे ग्रॅम घटले तेवढं पाणी, खोलीच्या तापमानाचं, कडेने घाला. अंड्यांवर कधीच नाही. आठवड्यातून एकदा झाकण मिनिटभर उघडून हवा बदला. शेवटच्या तीन आठवड्यांत एक दिवसाआड, कारण तेव्हा पिल्लांना प्राणवायू सर्वांत जास्त लागतो.

वरून चेपलेलं अंडं म्हणजे ओल कमी. पाणी घातल्यावर दोन-तीन दिवसांत भरून येतं. फुटायला आठवडा-दहा दिवस उरले असताना चेपत असेल तर ते नैसर्गिक आहे, पाणी ओतू नका. अंडी टम्म, चकचकीत, घाम आल्यासारखी दिसली तर ओल जास्त: दोन दिवस झाकण थोडं सैल ठेवा. तेवढं करताना डबा मोठ्या कुलूपबंद खोक्यात असायला हवा. पिवळसर, लहान, टणक अंडं बहुधा पहिल्यापासूनच निर्जीव असतं. बुरशी एका ठिपक्यापुरती असेल तर कोरड्या कापसाने टिपा. जिवंत अंडं बुरशी बऱ्यापैकी परतवतं. वास येणारं, पाझरणारं अंडं सुटं असेल तर काढा. घोसात चिकटलेलं असेल तर ओढू नका, त्याच्याभोवती कोरडं वर्मिक्युलाइट टाका.

शंका असेल तर अंधारात, अंडं न उचलता, बाजूने छोटा एलईडी टॉर्च काही सेकंद लावा. लालसर शिरा दिसल्या तर जीव आहे.

मुंग्या आणि बारीक माश्या हे दोन शत्रू विसरू नका. माश्या फुटक्या अंड्यावर अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या चांगल्या अंड्यांतही शिरतात. छिद्रांवर बारीक जाळी लावा, खोक्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांची पावडर खोलीत नको.

पायरी ८: पिल्लं

पिल्लू तोंडावरच्या इवल्या दाताने कवच चिरतं आणि डोकं बाहेर काढून एक-दोन दिवस तसंच बसतं. उरलेला बलक तेवढ्यात पोटात ओढला जातो. त्याला बाहेर ओढू नका, कवच कापू नका. बलक फाटला तर पिल्लू मरतं.

नागाचं किंवा मण्यारीचं पिल्लू कवचातून बाहेर येतानाच विषारी असतं. पेन्सिलीएवढं दिसतं म्हणून बोटाने उचलू नका. लांब चिमटा, हुक, बंद डबा, आणि खोलीत एका वेळी एकच डबा उघडा. प्रत्येक वेळी मोजणी करा: अंडी किती, रिकामी कवचं किती, पिल्लं किती. दंश झालाच तर तासभर वाट पाहण्याचा विषय नाही, १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात जा.

पिल्लांना खाऊ घालण्याच्या भानगडीत पडू नका. पोटातला बलक पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे आठवडा-दहा दिवस पुरतो. दोन-तीन दिवसांत वनकर्मचाऱ्यांसमोर, जिथून अंडी आणली त्याच परिसरात पण वस्तीपासून दूर सोडा. वेळ संध्याकाळची, जागा ओल आणि आडोसा असलेली: नाल्याचा काठ, दगडी बांध, झुडपाचं बूड. सगळी एकाच ठिकाणी नकोत, वीस-तीस पावलांवर विखरून सोडा. जुलै-ऑगस्टमध्ये बेडूक आणि सरड्यांची पिल्लं भरपूर असतात, त्यामुळे खाण्याची सोय होते. पाऊस ओढ देत असेल तर पाणथळ जागाच निवडा, कारण एवढ्या लहान अंगातलं पाणी कोरड्या उन्हात काही तासांत संपतं.

घोरपड आणि कासवाची अंडी

ही वरच्या पद्धतीत बसत नाहीत. घोरपड पावसाळ्यात, पुष्कळदा वारुळात अंडी घालते आणि ती फुटायला सहा महिन्यांहून जास्त लागतात. नदीकाठच्या मऊ पाठीच्या कासवाच्या अंड्यांतला भ्रूण मधेच काही काळ वाढ थांबवून बसतो, त्यामुळे ‘दोन महिने झाले, मेली असतील’ म्हणून ती फेकून दिली जातात. तापी, गिरणा किंवा पांझरेच्या काठी वाळू उपसताना अशी अंडी मिळाली तर उबवण्याचा प्रयत्न करूच नका. पुराच्या रेषेच्या वर, तेवढ्याच खोलीवर, तशाच वाळूत, तीच बाजू वर ठेवून त्याच दिवशी पुन्हा पुरा आणि जागेची नोंद वनविभागाला द्या.